दर बुधवारी, दर रविवारी ताजी भाजी : वस्तीतल्या ४२ घरांसाठी तुमची मदत हवीय

नमस्कार मंडळी,

जरा मोठं लिहितोय पण प्लीज पूर्ण वाचा, मे महिना तोंडावर आलाय आणि वेळ कमी आहे.

मागच्या दिवाळीत आपल्या मंडळाने पर्वती पायथ्याच्या वस्तीत किराण्याचे किट वाटले होते, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याला पैसे दिले होते. तेव्हा एका घरी किट द्यायला मी स्वतः गेलो होतो. नवरा सेंट्रिंगच्या कामावर परांचीवरून पडलेला, पाय प्लास्टरमध्ये, ताई चार घरची धुणीभांडी करतात, पदरात दोन पोरं. ताईंनी किट घेतलं, आभार मानले आणि मग हळूच म्हणाल्या, "दादा, गहू तांदूळ रेशनचा मिळतो हो, पण त्याच्याबरोबर खायचं काय, तिथंच अडतं." गॅसवर पातेलं होतं त्याचं झाकण काढून दाखवलं तर मूठभर तुरीच्या डाळीची आमटी, एवढी पातळ की पातेल्याचा तळ दिसत होता. आणि ती रात्रीलाही पुरवायची होती.

तेव्हापासून डोक्यात तेच. सरकारी रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्ड असेल तर घराला ३५ किलो, आणि २०२३ पासून ते फुकट आहे. ही फार मोठी गोष्ट आहे, त्यामुळे चूल बंद पडत नाही. पण त्यात भाजी नसते, आणि घरात पैसा आटला की पहिली कात्री भाजीलाच लागते. भाडं चुकवता येत नाही, लाईट बिल चुकवता येत नाही, हप्ता तर नाहीच नाही. मग उरतं काय तर पिठलं भाकरी, भात आणि मीठ-तिखट, पोरांना दहाचा बिस्किट पुडा. पोट भरतं, पण पोषण नसतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब असा आहे की मोठ्या माणसाने दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाजी खायला हवी, पालेभाजी धरून. चौघांचं घर पकडलं तर आठवड्याला अकरा किलोच्या वर जातं. आपल्या वस्तीत जी घरं अडचणीत आहेत तिथं आठवड्याला दोन किलो येत असेल तर खूप, आणि त्यात पण कांदा बटाटाच जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांच्या आतल्या शंभरातल्या जवळपास ६९ पोरांच्या अंगात रक्त कमी निघालं, आणि १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये शंभरातल्या ५४ जणींच्या. हे सगळं एकट्या भाजीमुळे होत नाही, कारणं बरीच असतात, पण रोजच्या ताटाचा त्यात मोठा वाटा आहे हे कुठलाही डॉक्टर सांगेल.

म्हणून जानेवारीपासून आपण भाजी सुरू केली. गुलटेकडीचं मार्केट यार्ड आपल्याला जवळ, पहाटे टेम्पो घेऊन जायचं, अडत्यांकडून ठोक भावात माल उचलायचा. दोन-तीन गाळेवाले आता ओळखीचे झालेत, रविवारी आवक जास्त असते तेव्हा एखादं कोबीचं नाहीतर दुधीचं पोतं स्वतःहून टेम्पोत टाकतात, त्यांचे मनापासून आभार.

सुरुवातीला आमचं चुकलं ते पण सांगतो. आठवड्याची भाजी आम्ही एकदमच देत होतो, सहा किलोची पिशवी. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, फ्रीज नाही, तिसऱ्या दिवशी पालकाचा लगदा. एका ताईंनी तर ती सडलेली जुडी टाकताना कुणी बघू नये म्हणून कागदात गुंडाळून टाकली, दिलेलं वाया घालवलं असं वाटायला नको म्हणून. हे कळल्यावर फार वाईट वाटलं. मग बुधवार आणि रविवार असे दोन वार ठरवले, दर वेळी तीन किलो.

दुसरं म्हणजे आता पिशव्या बांधून देत नाही. मंडळाच्या शेडमध्ये क्रेट मांडतो, वांगी, गवार, भेंडी, दोडका, गाजर, बीट, मेथी, शेपू, लाल माठ, ज्या दिवशी जे मिळेल ते, आणि ज्याला जे हवं ते त्याने निवडून घ्यायचं. एक आजी येतात, नातू आणि त्या दोघंच घरात. शेपूची जुडी उचलतात, नाकाला लावतात, देठ नखाने मोडून बघतात कोवळी आहे का, नसेल तर परत ठेवतात आणि दुसरी घेतात. चांगली पाच मिनिटं लावतात. मागे रांग असते पण कोणी काही बोलत नाही. मंडईत आपण सगळे तेच करतो ना, मग त्यांनी का करू नये? फोटो काढायचे नाहीत हा नियम पहिल्या दिवसापासून आहे, म्हणून इथेही एकही फोटो टाकलेला नाही, कृपया मागू नका.

पण खरा फरक पडला तो वार ठरल्यामुळे. पहिल्या दोन-तीन वेळेला सगळे एकच विचारायचे, पुढच्या बुधवारी पण आहे ना? कारण एकदा येऊन देऊन जाणारे त्यांनी खूप बघितलेत. महिनाभराने तो प्रश्न बंद झाला. आता बायका त्या हिशोबाने घर चालवतात, बुधवारी पालेभाजी, गुरुवारी वांगं, गाजर काकडी पोरांच्या डब्याला, आणि भाजीचे जे पैसे वाचतात त्यात कोणी आठवड्याला पाच-सहा अंडी आणतं, कोणी अर्धा लिटर दूध. ज्यांच्या घरी प्लास्टर होतं त्या ताई सांगत होत्या की दुकानातली उधारी फेब्रुवारीपासून वाढलेली नाही. एका वेळच्या किटने हे होत नाही. किट संपलं की माणूस पुन्हा तिथंच येतो, आणि पुढचं कधी मिळणार ते माहिती नसल्यामुळे त्याला काही ठरवताच येत नाही.

दर वेळी प्रत्येकाला दोन लिंबं पण देतो. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते, आणि जेवणावर लगेच चहा प्यायला की ते कमी लागतं, हे आपल्याच मंडळातल्या एका नर्स ताईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं, तेव्हापासून काही घरात तरी जेवणानंतरचा चहा तासभर लांबलाय.

आता घाई का ते सांगतो. शाळा चालू असली की पहिली ते आठवीच्या पोरांना दुपारी पोषण आहार मिळतो, त्यात थोडी का होईना भाजी असते. मे महिन्याच्या सुट्टीत तो बंद, म्हणजे एक जेवण थेट घरावर येतं. त्याच वेळी उन्हाने पालेभाजी कमी होते आणि भाव चढतात, पुढे पाऊस लागला की टोमॅटोचं काही सांगता येत नाही, २०२३ च्या जुलैमध्ये शंभरच्या वर गेला होता ते सगळ्यांना आठवत असेल. म्हणजे ज्या दोन-अडीच महिन्यांत गरज सगळ्यात जास्त त्याच काळात आपला खर्च पण सगळ्यात जास्त. आणि आपल्याकडे शिल्लक आहे ती जेमतेम मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची.

हिशोब साधा आहे. एका घराला महिन्याला साधारण २६ किलो भाजी, लिंबं आणि टेम्पोचं भाडं धरून ८०० रुपये. ४२ घरांचे ३३,६०० रुपये. यादीत कोण आहे तर जिथं कमावता माणूस आजारी पडलाय किंवा काम सुटलंय, जिथं बाई एकटी पोरांना सांभाळतेय, आणि म्हातारी माणसं. जात, धर्म, पक्ष, मतदार यादी काही बघत नाही. दर तीन महिन्यांनी यादी पुन्हा बघतो, ज्यांचं काम परत सुरू झालं त्यांच्या जागी दुसरं घर येतं, आत्ता अजून ११ घरं थांबलेली आहेत.

तुमच्याकडून मोठी रक्कम एकदाच नकोय, आली तर नाही म्हणणार नाही, पण महिन्याला २०० रुपये वर्षभर देणारे चार जण मिळाले की एक घर झालं, आणि आम्हाला पुढच्या महिन्याचं आधी माहिती असतं. ज्यांना जमेल त्यांनी ५०० द्या, ८०० द्या, दोन-तीन मैत्रिणी मिळून एक घर घ्या. वाढदिवसाला, आईवडिलांच्या श्राद्धाला एका बुधवारचा खर्च उचलला तरी चालेल. पैसे मंडळाच्या खात्यावरच जातील, क्यूआर कोड ऑफिसच्या बोर्डावर लावलाय, तोच स्कॅन करा, फॉरवर्ड होऊन आलेल्या दुसऱ्या कुठल्या नंबरवर पाठवू नका. पावती मिळेल, पण ८०जी ची टॅक्स सवलत आपल्याकडे नाही, आधीच सांगून ठेवतो. महिन्याचा जमाखर्च त्याच बोर्डावर लागतो, ऑफिस रोज संध्याकाळी ७ ते ९ उघडं असतं, येऊन वही बघा.

पैसे शक्य नसतील तर हात द्या. कोणाचा छोटा टेम्पो असेल तर महिन्यातून दोन फेऱ्या दिल्या तरी भाड्याचे पैसे भाजीत जातील. गावाकडं कोणाची शेती असेल, पुरंदर, जुन्नर, खेडकडची बरीच मंडळी आपल्यात आहेत, तर भाव पडला म्हणून माल बांधावर टाकायची वेळ आली की आधी आम्हाला कळवा, गाडीचं आम्ही बघतो. फक्त घरच्या फ्रीजमधली उरलेली मऊ पडलेली भाजी आणू नका, आपण जे ताटात घेणार नाही ते इथं नको.

टेम्पो दर बुधवारी आणि रविवारी पहाटे साडेपाचला शेडपासून निघतो, साडेसातपर्यंत परत. येणार असाल तर एखादं जुनं गोणपाट किंवा सुती चादर घेऊन या, ओली करून पालेभाजीवर टाकायला लागते, आहेत ती सगळी फाटलीत.