वारा पडला की वीज महाग का होते?

महोदय,

पावसाळ्यात वारा वाढला की वीज आपोआप स्वस्त होते, हा समज अर्धाच खरा आहे. वीजबाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग असतात. प्रत्येक भागात स्वीकारलेल्या सर्वांत महाग बोलीच्या आसपासचा दर सगळ्यांनाच लागू होतो. पवनचक्कीला इंधन लागत नाही, त्यामुळे ती फिरली की महाग कोळशाची बोली बाहेर पडते आणि दर उतरतो. सातारा, सांगली, धुळ्याची बरीच पवनवीज दीर्घ करारांतून थेट वितरण कंपनीकडे जाते. तेव्हा कंपनीची बाजारातली खरेदी घटते, परिणाम तोच.

खरी अडचण अंदाजाची आहे. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला 8 मीटरऐवजी 7 मीटर वारा आला तर ती तब्बल एक तृतीयांशाने घटते! आदल्या दिवशी धरलेली वीज मग ऐनवेळी विकत घ्यावी लागते. 1 जून 2020 पासून रिअल टाइम मार्केटमध्ये, म्हणजे ऐनवेळच्या खरेदीच्या वीजबाजारात, दर अर्ध्या तासाला लिलाव होतो. सूर्य मावळल्यावरच वारा पडला, तर तिथला दर एप्रिल 2023 मध्ये युनिटमागे 12 वरून 10 रुपयांवर आणलेल्या कमाल मर्यादेला भिडू शकतो.

किती वीज देणार याचे पवनवीज उत्पादकांनी आधी दिलेले वेळापत्रक दर दीड तासाला सुधारता येते. ती मुभा पुरेपूर वापरली जाते का, हे कळायला हवे. त्यासाठी पवनवीजेचा अंदाज आणि प्रत्यक्ष निर्मिती यांतला फरक दर पंधरा मिनिटांच्या हिशेबाने रोज जाहीर करावा.

– एक वाचक, सातारा