मसुदा सर्वांना दिसू द्या

ओटीटी मालिकांसाठी कडक कायदा हवा, असा आग्रह धरणारा आपल्या अंकातील लेख वाचला. जणू या क्षेत्राला आज नियमच नाहीत, असा त्याचा सूर आहे. वयोगटानुसार वर्गीकरण, ‘१३+’ व त्यापुढील आशयाला पालकांना लावता येणारे कुलूप आणि १५ दिवसांत तक्रार निवारण, हे सारे फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आहे. मालिका सुरू होताना कोपऱ्यात ‘यू/ए १६+’ आणि खाली ‘हिंसा, शिवराळ भाषा’ असे उमटते, ते त्यामुळेच. (वाचून होण्याआधी ते नाहीसे होते, हा भाग वेगळा.)

चिंता आहे ती कायदा कसा घडतो याची. डिसेंबर २०२३ मध्ये दूरसंचार विधेयक १४० हून अधिक विरोधी खासदार निलंबित असताना संमत झाले. ओटीटी त्याच्या कक्षेत नाही, हे मंत्र्यांना संसदेबाहेर सांगावे लागले. कायद्याच्या मजकुरात तसे स्पष्ट लिहिलेले नाही. टीव्हीसोबत ओटीटीलाही नियमांखाली आणू पाहणाऱ्या प्रसारण सेवा विधेयकाचा पहिला मसुदा निदान जनतेपुढे आला होता. २०२४ मधला सुधारित मसुदा मात्र मोजक्याच संबंधितांना दाखवला गेला. यूट्यूबवर राजकीय भाष्य करणारेही त्यात ओढले जाणार, अशा बातम्या आल्या, गदारोळ झाला आणि ऑगस्टमध्ये प्रती परत मागवण्यात आल्या. त्याच वर्षी झालेल्या लोकसभा निवडणुकीत याच भाष्यकारांना मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला होता, हे विसरता येत नाही.

या विधेयकाचा पुढचा मसुदा केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, मराठीतही, निदान दोन महिने खुला ठेवावा.

– एक नियमित वाचक