सहीच्या आधी नियम समजावून सांगा : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयातून प्राध्यापिका म्हणून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची नऊ वर्षे मी शिस्तपालन समितीवर होते. त्या समितीत बसून मी ज्या कागदांवर सह्या केल्या, त्यातली एक सही आजही मला टोचते. हे पत्र तिच्यामुळेच लिहीत आहे.

भूम तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली मुलगी आमच्या वसतिगृहात राहत होती. तिची आई ससून रुग्णालयात तपासणीसाठी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर नंबर लावायचा होता आणि लॉजचे पैसे नव्हते. मुलीने आईला रात्री खोलीत झोपवले. पहाटे वॉचमनच्या लक्षात आले. बाहेरच्या व्यक्तीला रात्री ठेवायचे नाही असा नियम होता, आणि तो योग्यच होता. शंभर मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो. समितीत आम्ही चौघे होतो. दहा मिनिटांत ठरले : वसतिगृहातून काढायचे. ती बाहेर बाकावर बसून होती, तिला आत बोलावून विचारावे असे चौघांपैकी एकालाही सुचले नाही. खोलीत झोपलेली ती बाहेरची व्यक्ती म्हणजे तिची आई, हे मला संध्याकाळी कळले.

सामान बांधताना तिने विचारले, "मॅडम, हे कुठं लिहिलं होतं?" मी तिला हमीपत्र दाखवले. बारीक टाइपातली चार इंग्रजी पाने, खाली तिची सही. ती म्हणाली, "सही माझीच आहे. पण मला वाटलं, फीचाच फॉर्म आहे." पुढे सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरत्या भाड्यावर, तिने काही महिने काढले, त्या सत्राची परीक्षा दिली आणि ती गावी गेली. परत आली नाही.

मंत्री महोदय, शिस्त सैल करा असे मला मुळीच म्हणायचे नाही. परीक्षेत कॉपी करणाऱ्याला मी कधी सोडले नाही. मुलींना त्रास देणाऱ्याची गय करू नये, रॅगिंग करणाऱ्याची तर नाहीच. पण रॅगिंगचाच कायदा पाहा. महाराष्ट्राने तो 1999 साली केला. रॅगिंग म्हणजे काय ते त्यात लिहिले आहे. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसले तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे द्यायची. दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि पाच वर्षे दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. शिक्षा कडक आहे, पण वाट स्पष्ट आहे. आमच्या नियमावलीत मात्र 'गैरवर्तन', 'संस्थेच्या प्रतिष्ठेला बाधा' असे शब्द होते. कशाला गैरवर्तन म्हणायचे, ते त्या दिवशी समितीत कोण बसले आहे यावर ठरायचे. ग्रंथालयाचे पुस्तक फाडणे आणि प्राध्यापकांना उलट प्रश्न विचारणे, दोन्ही त्या एकाच शब्दात मावत.

पुण्याला हा वाद नवा नाही. 1905 साली विदेशी कापडाच्या होळीनंतर फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी वसतिगृहात राहणाऱ्या विनायक सावरकरांना 10 रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. टिळकांनी 'केसरी'तून त्यावर कडक टीका केली. त्या शिक्षेची चर्चा गावभर झाली. भूमच्या मुलीसाठी लिहायला कोणी नव्हते. म्हणून तर तिच्यासाठी लेखी पद्धत हवी.

अशी पद्धत कागदावर आलीही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिने साधारण 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा, आणि निकाल मान्य नसेल तर विद्यार्थ्याने विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करावे. पण खोली सोडायला चोवीस तास मिळालेल्या मुलीला लोकपाल कोण, ते कुठे बसतात, हे सांगणार कोण? मीही सांगितले नाही. आयोगाच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2015 च्या विनियमांत तर सुरक्षेचे कारण देऊन मुलींच्या वसतिगृहांना वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत असेही आहे. आमच्याकडे मुलींचे फाटक मुलांच्या आधी दोन तास बंद व्हायचे, आणि रेक्टर म्हणून कुलूप मीच लावायची.

आपल्याकडे मागणी एवढीच आहे. आपल्या विभागाने शासन निर्णय काढून सर्व अकृषी विद्यापीठांना आणि संलग्न महाविद्यालयांना सांगावे की वर्तनाची नियमावली मराठीत, दोन पानांत, साध्या शब्दांत लिहा. कोणत्या चुकीला जास्तीत जास्त कोणती शिक्षा, ते त्यात असू द्या. प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यात ती वर्गात वाचून दाखवा, शंका विचारू द्या, आणि मगच हमीपत्रावर सही घ्या. वसतिगृहातून काढण्याआधी किंवा निलंबनाआधी आरोप लेखी द्या, उत्तराला निदान तीन दिवस द्या, मुलाला समोर बसवून ऐका. त्या वेळी त्याच्या विश्वासातला एखादा शिक्षक सोबत असू द्या. आदेशात कारण लिहा आणि त्याच कागदावर तक्रार निवारण समितीचा व लोकपालांचा पत्ता छापा. इतरांच्या जिवाला धोका असेल तेवढा अपवाद सोडून सत्राच्या मध्यात कोणाचे छप्पर काढू नका.

एका गोष्टीवर माझे सहकारी नाराज होतील, तरी लिहिते. त्याच दोन पानांत आमच्याबद्दलही चार ओळी असाव्यात : तास वेळेवर घेणे, उत्तरपत्रिका मुदतीत तपासणे, मुलांशी अरेतुरे न करणे. मुले आमच्याकडे पाहूनच वागायला शिकतात, हे इतक्या वर्षांत मी रोज पाहिले आहे.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. गणेशखिंडीत आणि शहरातल्या कॉलेजांत पुन्हा बीड, धाराशिव, नंदुरबारकडची मुले आईवडिलांचा हात धरून रांगेत उभी राहतील आणि खिडकीतून पुढे सरकवलेल्या कागदांवर सह्या करतील. तो शासन निर्णय त्याआधी निघावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
पुण्यातील एक निवृत्त प्राध्यापिका