शेजारच्या छोट्या दीर्घिकेचीही दखल घ्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कृष्णविवरांविषयीचे आपल्याकडील लेखन बहुधा २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम ८७ या महाकाय दीर्घिकेतील कृष्णविवराच्या प्रतिमेभोवतीच फिरते. त्याच कन्या दीर्घिकासमूहात, एम ८७ च्या शेजारी असलेली एनजीसी ४४८६बी ही छोटी लंबवर्तुळाकार दीर्घिका मात्र उपेक्षितच राहते. १९९६ मध्ये हबल दुर्बिणीला तिच्या केंद्रात एकाऐवजी दोन तेजस्वी ठिपके दिसले आणि पुढच्याच वर्षी, केंद्रालगतच्या ताऱ्यांच्या वेगांवरून, तेथे सुमारे ६० कोटी सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे कृष्णविवर असावे, असा अंदाज मांडला गेला. एरवी कृष्णविवराचे वस्तुमान दीर्घिकेच्या मध्यवर्ती, ताऱ्यांनी दाटलेल्या फुगवट्याच्या वस्तुमानाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. येथे ते कित्येक टक्क्यांवर जाते. आकड्यात पुढे दुरुस्ती झाली तरी विषमता उरतेच.

थोरल्या शेजारणीने बाहेरचे तारे ओरबाडून नेले आणि गाभा तेवढा शिल्लक राहिला, हे स्पष्टीकरण मला पटण्याजोगे वाटते; २०१४ मध्ये एम ६०-यूसीडी१ या त्याहूनही चिमुकल्या दीर्घिकेत एकूण वस्तुमानाच्या सुमारे १५ टक्के वाटा कृष्णविवराचा असल्याचे आढळले, तेव्हाही हेच कारण पुढे आले होते. आपल्या विज्ञान पुरवणीत या विषयावर एखाद्या अभ्यासकाकडून सविस्तर लेख लिहवून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक