बुटांचं माप आधी विचार

एस्लिंगेन, जर्मनी
रविवार, ११ जानेवारी २०२६

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. दिवाळीनंतर आपल्या वर्कशॉपमध्ये घेतलेल्या तीन मुलांपैकी दोघं महिन्याच्या आत काम सोडून गेली. एक तर न सांगताच, जेवायच्या सुट्टीत बाहेर पडला तो परत आलाच नाही. "आजकालची पोरं टिकत नाहीत," असं तू म्हणालास, तेवढ्यात मालाची गाडी आली आणि तू फोन ठेवलास. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. २ फेब्रुवारीला आणखी तीन मुलं येणार आहेत, म्हणून आज सवड काढून लिहितेय.

हे वाक्य मी आधीही ऐकलं आहे, माझ्याच बाबतीत. २०१४ साली मला महाप्याला पहिली नोकरी लागली. आईने ओवाळलं, तू मला स्कूटरवरून ठाणे स्टेशनला सोडलंस, मी वाशीच्या गाडीने घणसोलीला उतरले आणि साडेआठलाच कंपनीच्या दारात हजर झाले. संध्याकाळी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की पहिला दिवस छान गेला. तो छान गेला नव्हता, दादा. रिसेप्शनवरच्या बाईंच्या यादीत माझं नावच नव्हतं. ज्या साहेबांनी मुलाखत घेतली होती ते पुण्याला गेले होते. साडेअकरापर्यंत मी मांडीवर फाइल घेऊन सोफ्यावर बसून होते. मग कोणीतरी मला रजेवर गेलेल्या एका माणसाच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणालं, "आज जरा वाचत बसा." काय वाचायचं ते सांगितलं नाही. बाथरूम कुठे आहे हे विचारायचं धाडस व्हायला दुपारचे दोन वाजले. डबा जिन्यात बसून खाल्ला. आईने मुद्दाम पुरणपोळी दिली होती.

पुढे कामही शिकले, ओळखीही झाल्या, पण त्या जागेशी मन कधी जुळलं नाही. सात महिन्यांनी राजीनामा दिला तेव्हा मॅनेजर शेजारच्याला म्हणाले, "मुली टिकत नाहीत." मी तिथेच उभी होते.

आता इथलं सांगते. २०१९ च्या सप्टेंबरात मी इथे रुजू झाले. त्याच्या तीन आठवडे आधी कंपनीची मेल आली होती, तुला आठवतं का? सेफ्टी शूजचं माप काय, जॅकेटचं काय, दारावरच्या पाटीवर नाव कसं लिहायचं, कँटीनमध्ये काय चालत नाही, एवढंच विचारलं होतं. मला इकडचे बुटांचे नंबर ठाऊक नव्हते, सेंटिमीटरमध्ये कळवलं तरी चालेल असं त्यात लिहिलं होतं. बाबांनी वर्कशॉपमधली स्टीलची फूटपट्टी घरी आणली, नौपाड्याच्या घरात मला भिंतीला टाच टेकवून उभं केलं आणि पाऊल मोजलं. साडेतेवीस सेंटिमीटर. मग पट्टी पुसून ठेवताना म्हणाले, "तुझी वाट बघताहेत तिथे." आई रडत होती ती थांबली.

पहिल्या दिवशी माझ्या कपाटावर नाव होतं आणि आत बूट होते. ते बूट घातल्यावर मला जे वाटलं ते लिहून सांगता येणार नाही.

इथे नव्या माणसाला एक जुना सहकारी जोडून देतात, त्याला 'पाटं' म्हणतात. म्हणजे पालकच म्हण ना. माझ्या वाट्याला अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई आल्या. त्या माझ्या साहेब नव्हत्या आणि माझा पगार किंवा बढती त्यांच्या हातात नव्हती, हे फार महत्त्वाचं. जे प्रश्न साहेबाला विचारायला लाज वाटते ते त्यांना विचारता यायचे. दुपारी जिन्यात भेटणारा प्रत्येक जण 'मालत्साइट' का म्हणतो? (जेवणाच्या वेळचा तो नमस्कार आहे.) 'झी' म्हणजे अहो आणि 'दू' म्हणजे अरे, मग कोणाला काय म्हणायचं? नवीन माणसानेच पहिल्या महिन्यात सगळ्यांना खाऊ द्यायचा असतो हेही त्यांनीच सांगितलं. इकडे लोणी लावलेले ब्रेत्सेल आणतात. ते चांगल्या बेकरीत कुठे मिळतील हे दाखवायला त्या स्वतः आल्या. आणि त्यांच्या रोजच्या कामातून हे तास रीतसर वजा केलेले होते, हे मला नंतर कळलं.

यंत्रांजवळ जायच्या आधी सुरक्षेचा माणूस मला दीड तास घेऊन बसला. इथल्या कायद्याने काम सुरू करण्याआधी नव्या माणसाला धोके समजावून द्यावेच लागतात, आणि निदान वर्षातून एकदा ती उजळणी सगळ्यांचीच होते. त्याने नुसतं सांगून सही घेतली नाही. प्रत्येक गोष्ट माझ्याकडून परत म्हणवून घेतली, आपत्कालीन बटण मला दाबायला लावलं. आपल्या लेथवर, धातूचा तुकडा फिरवून कापायच्या यंत्रावर, ही सवय लावणं किती सोपं आहे. चक आवळायची चावी चकमध्ये सोडायची नाही, फिरत्या जॉबजवळ (म्हणजे त्या तुकड्याजवळ) हातमोजे घालायचे नाहीत, कीस हाताने नाही हूकने ओढायचा, बाह्या सैल नकोत. मुलाने हे स्वतःच्या तोंडाने तुला सांगितल्याशिवाय त्याला मशीन सुरू करू देऊ नकोस. आयटीआयमध्ये शिकलेलं असतं, पण परक्या जागी पहिल्या दिवशी अर्धं विसरतं.

इथेही सगळं गोड नाही. नव्या घरी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंद करावी लागते. तिथल्या खिडकीवर मी एकटी उभी होते आणि समोरच्याचा एक शब्द कळत नव्हता. कंपनीचा कागद पक्का होता, पण संध्याकाळ माझी एकटीची होती. पहिल्या रविवारी त्या बाईंनी सूप प्यायला घरी बोलावलं नसतं तर मी नाताळच्या आधीच परतले असते. म्हणून तुला सांगते, नुसती यादी करून भागणार नाही.

पण यादीशिवायही भागत नाही, आणि इथे मला तुझ्याशी स्पष्ट बोलायचं आहे. बाबा नव्या माणसाचं नाव पहिल्याच सकाळी मस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहायचे. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग विचारून लिहायचे. आपले टर्नर मामा अजून सांगतात की त्यांच्या पहिल्या दिवशी पेनातली शाई संपली आणि बाबांनी दुसरं पेन आणेपर्यंत त्यांना समोरच्या खुर्चीत बसवून ठेवलं. तू मात्र महिनाभर थांबतोस. टिकला तर नाव चढवू, टिकला तर बूट देऊ. तोवर पोरगं स्लिपर घालून लेथपुढे उभं. त्याला पहिल्या दिवसापासून कळतं की आपण इथले नाही. तू त्याची परीक्षा घेतोस तशी तोही तुझी घेतोच आहे, आणि बाहेर वागळे इस्टेटमध्ये दर दुसऱ्या गाळ्यावर 'हेल्पर पाहिजे'ची पाटी लागलेली आहे. इथेही पहिले सहा महिने परीक्षेचे असतात, दोन आठवड्यांची नोटीस देऊन दोघांपैकी कोणीही मोकळं होऊ शकतं. तरी बूट पहिल्या दिवशीच मिळतात, कारण पाय पहिल्या दिवसापासूनच यंत्राजवळ असतात. एका जोडाला हजार-बाराशे रुपये पडत असतील. बिघडलेल्या जॉबचे आणि पुन्हा पुन्हा नवीन पोरगं शिकवण्यात गेलेल्या मामांच्या दिवसांचे पैसे मांडून बघ.

कायद्याचंही सांगते. आपल्याकडे चौदा माणसं आहेत, म्हणजे ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू आहेच, आणि एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या माणसाची नोंद रुजू झाल्यापासून दहा दिवसांत करायची असते. औषधपाण्याचा हक्क त्याला आणि त्याच्या कुटुंबाला कामाच्या पहिल्या दिवसापासून मिळतो. बीडहून आलेल्या पोराला हे कोणी सांगितलेलं नसतं. वहिनी हिशेब बघते, तर तिनेच त्याला समोर बसवून कार्ड कसं काढायचं ते दाखवावं, ती छान समजावते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. ते मराठीत दे, साधं एक पान. पगार किती, सुट्टी कधी, ओव्हरटाइम कसा मोजणार.

आणि पगाराचा एक हिशेब तुझ्या लक्षात आला नसेल. २ फेब्रुवारीला आलेल्या मुलाच्या हातात पहिला पगार ७ मार्चला पडणार. तेहेतीस दिवस. किसननगरला खोलीचं डिपॉझिट, खानावळ, रिक्षा, हे सगळं तो कुठून करणार? जो जेवायच्या सुट्टीत गेला त्याच्याजवळ त्या दिवशी जेवायला पैसे होते का, हे आपल्याला माहीत नाही. पहिल्या शनिवारी त्याने न मागता थोडी उचल दे. मागायला लागली की ती भीक वाटते.

जोडीदार म्हणून टर्नर मामांना लावू नकोस. त्यांचा हात सोन्याचा आहे, पण नवीन पोरं त्यांना घाबरतात. दोन वर्षांपूर्वी आलेला तो उंच मुलगा आहे ना, त्याला दे. नवखेपण त्याला अजून आठवत असेल. मात्र त्या पंधरा दिवसांत त्याच्याकडून रोजचे नग पूर्ण मागू नकोस, नाहीतर नवीन मुलगा त्याला ओझं वाटेल.

आपल्याकडे प्रत्येक जॉबला टोपणनाव आहे. 'जाड भाकरी', 'नाशिकवाली', 'साहेबांची कडी'. मला गंमत वाटायची, पण नवीन मुलाला "जाड भाकरी दे" म्हटलं की तो फक्त गोंधळतो, आणि सगळे हसतात. इथे ड्रॉइंगवर असेच आखूड शब्द होते. महिना झाल्यावर साहेबांनी मला विचारलं, "आमच्याकडे तुला काय विचित्र वाटलं?" मी ते शब्द सांगितले. आता त्यांची एक पानी यादी प्रत्येक नव्या माणसाला मिळते. तूही हा प्रश्न विचार, पण दोन-तीन आठवड्यांतच. नंतर डोळा सरावतो.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक छोटं, पण पूर्ण काम त्याच्या हाती दे. वीस नगांचं फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करणं, असेल, व्हर्नियरने मोजून त्यानेच डब्यात भरायचे. झाडू मारण्यात महिना घालवून कोणी टर्नर होत नाही. एखादा नग बिघडेल. तेव्हा तू काय बोलतोस त्याच्याकडे सगळा गाळा बघत असेल. माझा पहिला ड्रॉइंगमधला घोटाळा झाला तेव्हा त्या बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "बरं झालं लगेच सांगितलंस."

एवढं लिहून झाल्यावर वाटतं, लहान तोंडी मोठा घास घेतला. पण गाळा बाबांचा आहे, तुझा आहे आणि मनाने माझाही आहे. त्या तिघांना उद्याच फोन कर. सेफ्टी शूजचा नंबर विचार, कुठून येणार आणि कुठे राहणार ते विचार. तीन आठवडे पुरेसे आहेत.

संक्रांतीला तिळगूळ खाताना माझी आठवण काढा. आईला शि. सा. न., वहिनीला नमस्कार, चिरंजीवास अनेक आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझी,
धाकटी बहीण

ता. क. मुलांना बुटांचा नंबर सांगता आला नाही, तर बाबांची ती फूटपट्टी ऑफिसच्या टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये डावीकडे असेल. टाच भिंतीला टेकवून मोजायचं.