परीक्षणात खुनी कोण ते सांगू नका

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत नव्या रहस्यकादंबऱ्यांची परीक्षणं येतात पण निम्म्या वेळेला अख्खी स्टोरी शेवटासकट सांगून टाकलेली असते, मग आम्ही वाचायचं काय? त्यापेक्षा धागेदोरे वाचकासमोर प्रामाणिकपणे ठेवलेत का, की शेवटी कुठनं तरी नवाच माणूस आणून खुनी केलाय, हे लिहा की. आणि प्रेमकादंबरीला दोनच ओळी, त्याबी 'हलकीफुलकी' म्हणून, हे लई खटकतं. प्रेमकादंबऱ्या लिहिणारे ना. सी. फडके आपल्या राजाराम कॉलेजात शिकवायचे, त्या कोल्हापुरात तरी असं नको. त्यातल्या नायक-नायिकेचं बोलणं खरं वाटतं का तेवढं सांगा. करवीर नगर वाचन मंदिरात, १८५० पासूनची लायब्ररी आहे ती, पुस्तक मागायच्या आधी आम्ही पुरवणीच बघतो.

एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर