गावाचे स्वप्न आषाढात पाहावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही महिने रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या फार्महाऊसच्या प्लॉटांच्या जाहिराती नेमाने येत आहेत. समोर समुद्र, मागे आंब्याचे झाड आणि झोपाळ्यावर चहा पीत बसलेले पिकल्या केसांचे जोडपे, असे ते चित्र असते. मी त्या जोडप्याच्याच वयाची आहे. एकतीस वर्षे मुंबईच्या शाळेत शिकवून आणि डोंबिवलीची लोकल गाठून झाल्यावर, गेली सहा वर्षे मी यजमानांसह गुहागर तालुक्यातल्या त्यांच्या मूळ गावी राहते आहे. निवृत्तीनंतर गावी जाण्याचे स्वप्न उराशी बाळगून असलेल्या वाचकांसाठी त्या चित्रात न दिसणाऱ्या काही गोष्टी लिहाव्यात, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमची मुख्य चूक अशी, की चाळीस वर्षे आम्ही गाव पाहिले ते फक्त मे महिन्यात आणि गणपतीत. तेव्हा घर माणसांनी भरलेले असते, अंगण कोणीतरी सारवून ठेवलेले असते आणि पाहुणा म्हणून आपले कौतुक होत असते. आषाढातले गाव आम्ही राहायला आल्यावरच पाहिले. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे मी मुलांना भूगोलात शिकवत असे. पण तो पाऊस पंधरा दिवस सलग कौलांवर आपटत असताना, दोन दिवस वीज नसताना आणि कपाटातल्या साड्यांना बुरशीचा वास येत असताना घरात दोनच माणसे असणे म्हणजे काय, ते त्या धड्यात नव्हते. पहिल्याच श्रावणात खळ्यावरून न्हाणीघराकडे जाताना यजमान शेवाळावरून घसरले आणि उजवे मनगट मोडून बसले. शेजारच्या वहिनी दुसऱ्या दिवशी काही न बोलता माडाची चार झापे घेऊन आल्या आणि त्या वाटेवर अंथरून गेल्या. पाऊस सुरू झाला की पायवाटेवर झापे टाकायची असतात आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर ब्लिचिंग पावडर घासायची असते, हे वाडीतल्या दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक होते. आम्हाला नव्हते. आणि एवढे पाणी पडूनही एप्रिल उजाडला की विहिरीचा तळ दिसू लागतो, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की नोकरीत असतानाच एखाद्या वर्षी रजा साठवून मृगापासून नागपंचमीपर्यंत सलग गावी राहावे. त्यानंतरही जावेसे वाटले, तर ते स्वप्न खरे समजावे.

दुसरी गोष्ट कागदांची. ज्यांच्या घराण्यात शेतजमीन नाही त्यांना ती कलेक्टरच्या परवानगीवाचून विकत घेता येत नाही, त्यामुळे त्यांना बिनशेती प्लॉटाचाच मार्ग उरतो. आमच्यासारख्या वडिलोपार्जित जमीनवाल्यांना वाटते की आपले सारे सोपे आहे. आमच्या सातबारावर सतरा नावे आहेत. त्यांतली सहा माणसे हयात नाहीत, एक आत्या बडोद्याला वारल्या आणि त्यांच्या मुलांनी हे गाव एकदाही पाहिलेले नाही. वारस नोंदीसाठी प्रत्येकाचा मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, वारसांचे पत्ते, मग फेरफार, मग हरकतीची मुदत, असे करता करता आमची सव्वादोन वर्षे गेली. त्यातही नशीब असे, की नव्वदी ओलांडलेल्या चुलत सासूबाई तेव्हा होत्या. त्यांना खुर्चीत बसवून आम्ही खालच्या आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, नेले, आणि कोणता गडगा, म्हणजे दगडी बांध, कोणी घातला, कोणत्या पोफळीपर्यंत आमचे आणि कुठून पुढे धाकट्या दिरांचे, हे त्यांनी काठीने दाखवून दिले. वरच्या काजूच्या उतारापर्यंत मात्र त्यांना नेता आले नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या, आणि त्या उताराची हद्द अजून कोणालाच सांगता येत नाही. अशी माणसे घरात आहेत तोवर, म्हणजे आपल्या चाळिशी-पंचेचाळिशीतच, ही कामे हाती घ्यावीत. घरपट्टीचा उतारा कोणाच्या नावावर आहे, तेही त्याच वेळी पाहून ठेवावे.

झाडांचेही तेच. माड फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात, पोफळीला पाच-सहा. साठीनंतर रोप लावणाऱ्याने हा हिशेब मनाशी करावा. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा सत्तरीतल्या बागायतदारांना पुन्हा पहिल्यापासून खड्डे खणावे लागले. स्वप्न जोपासणे हा शब्दप्रयोग आपण सहज वापरतो. इथे तो अक्षरशः खरा आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी लावलेल्या आणि कोणा विश्वासू माणसाने पाणी घातलेल्या झाडाखालीच साठाव्या वर्षी झोपाळा बांधता येतो.

त्या विश्वासू माणसाचाही प्रश्न आहेच. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली. सिंधुदुर्गातही ती घटली. आमच्या वाडीत बावीस घरे आहेत आणि चूल पेटते ती नऊ घरांत. आंब्याच्या बागा नेपाळी माणसे राखतात. बालपणीच्या आठवणीतले भरलेले गाव आपली वाट पाहत तसेच थांबले असेल, अशी समजूत करून घेऊ नये. जे आहेत ते मात्र आपल्याला पारखून घेतात. शिमग्याला पालखी दारी येते तेव्हा घराला कुलूप असते की उघडे, मयताला तुम्ही आला होतात की नाही, हे सारे लक्षात राहते, आणि मध्यरात्री खाटेवरून रस्त्यापर्यंत न्यायला चार खांदे लागतात तेव्हा ते कामी येते. 108 ची गाडी बोलावली की येते, पण डांबरी रस्त्यापर्यंत. पुढे चिपळूण किंवा डेरवणचे वालावलकर रुग्णालय गाठायचे, म्हणजे दीड-दोन तास धरून चालावे.

आता थोडे स्पष्ट लिहिते. हे स्वप्न बहुतेक घरांत पुरुषाचे असते. ज्या गावात तो लहानपणी पोहला, कैऱ्या पाडल्या, त्याच गावात त्याची बायको सून म्हणून आली आणि तिने विहिरीवरून पाणी आणले. तिच्या मैत्रिणी, तिचे ग्रंथालय, तिचे भजनी मंडळ शहरात असते. यजमानांनी मला विचारले तेव्हा मी तीन अटी घातल्या: न्हाणीघर आणि संडास घराच्या आत आले पाहिजेत, डोंबिवलीची जागा विकायची नाही, आणि वर्षातून एक महिना मी तिथे एकटी राहीन. पहिल्या अटीसाठी माजघराची भिंत फोडावी लागली. भावकीने नाके मुरडली. तिसरी अट पाळली जाते म्हणूनच बाकीचे अकरा महिने मी इथे आनंदाने असते. परवाच आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी आटोपली, आमसुले भरून झाली, आणि कौले परतायला माणूस मिळाला, ही या वर्षीची मोठीच कमाई.

आपणास एक विनंती आहे. ज्या पुरवणीत या प्लॉटांच्या जाहिराती छापता, तिच्यातच वारस नोंद, सहहिस्सेदारांतील वाटप आणि घरपट्टीवरील नावे या विषयांवर एखाद्या जाणत्या निवृत्त तलाठ्याकडून चार लेख लिहवून घ्यावेत. ते गणपतीपूर्वी छापले, तर चाकरमानी गावी येतील तेव्हा सगळे भाऊबंद एका ओटीवर असतील आणि निदान बोलणी तरी सुरू होतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. गुहागर, जि. रत्नागिरी